गोतावळा मोठा, वरातीला एकटा

फुंकायच्या वाद्यांच्या नावांत गोंधळ केला तर किंमत काय पडते, याचा हिशेब महाराष्ट्राला 2024 साली मतांच्या आकड्यांत मिळाला. लोकसभेच्या त्या निवडणुकीत एका पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. काही अपक्षांना मिळालं ट्रम्पेट, आणि चिन्हांच्या मराठी यादीत त्याचंही नाव 'तुतारी'च होतं. साताऱ्यात हार-जितीतलं अंतर 32 हजारांच्या घरात राहिलं आणि या बिनमाणसाच्या तुतारीने 37 हजार मतं नेली. माढा मतदारसंघात, म्हणजे बऱ्याच अंशी आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, तिने 50 हजारांचा पल्ला ओलांडला. फक्त तिथे माणसासकटची तुतारी निवडून आली, त्यामुळे रडारड झाली नाही. मग पारावर पंचनामा झाला आणि ठरलं, की ती तुतारी नव्हतीच, ती पिपाणी. वाद्यशास्त्रज्ञ म्हणतील ती पिपाणीही नाही. पण वाद्यशास्त्रज्ञाला कितीही मतं असली तरी देता एकच येतं.

या सगळ्या धामधुमीत एक वाद्य अंग चोरून बसलं होतं, आणि खरं तर असल्या घोटाळ्याची सुरुवात त्याच्याच बारशात झालेली. 'क्लॅरोनेट' या शब्दाचा अर्थच मुळी 'छोटी तुतारी'. युरोपात उंच सुरांत वाजणाऱ्या तुतारीला 'क्लॅरिनो' म्हणत. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने 1700च्या आसपास 'शालुमो' नावाची साधीसुधी फुंकणी घेतली, तिला चाव्या जोडल्या आणि वरच्या सुरांत चढायला शिकवलं. ते नवं वाद्य लांबून तुतारीसारखं वाटतं, असं तिकडच्या जाणकारांनी लिहून ठेवलं आणि त्याला तुतारीचंच लाडाचं नाव पडलं. लांबून ऐकून नाव ठेवायची खोड तेव्हापासूनची आहे, उगाच निवडणूक आयोगाला बोल लावण्यात अर्थ नाही. आपण मराठी लोकही या बाबतीत फारसे सरस नाही. मराठीने टिमकीला, तुणतुण्याला, ढोलाला, डंक्याला, अगदी गाजराच्या पुंगीलासुद्धा वाक्प्रचारात जागा दिली. क्लॅरोनेट कित्येक पिढ्या आपल्या लग्नांत राबलं, मुलीची पाठवणी करताना आईच्या आधी गहिवरलं, आणि त्याच्या नावावर एक म्हण नाही. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत भाव करता येतो. पण बँडमधलं हे वाद्य दाखवायचं झालं की चारही भाषांत बोटच पुढे करावं लागतं: ते बघा, ते काळं.

ते काळं म्हणजे एका मोठ्या खटल्यातला एकच माणूस आहे. मागे घरात हातभर लांबीच्या पोरापासून पुरुषभर उंचीच्या पणजोबांपर्यंत सगळे आहेत. पाश्चात्त्य पुस्तकं त्यांना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. आपल्याला पेटीच्या पट्ट्या जास्त जवळच्या, म्हणून त्याच हिशेबाने सांगतो. सगळ्यांत धाकटं ए-फ्लॅट, म्हणजे काळी चार. इटलीतले बँड सोडले तर ते कुठे फारसं दिसत नाही. त्याच्यावरचं ई-फ्लॅट, काळी दोन. मग सी, पांढरी एक, जे जवळजवळ निवृत्त झालं आहे. मग आपलं ओळखीचं बी-फ्लॅट, काळी पाच, आणि त्याला खेटून ए, पांढरी सहा. पुढे एफमधलं बॅसेट हॉर्न, पांढरी चार. त्याच्या खाली आल्टो, पुन्हा काळी दोन. त्याखाली बास, पुन्हा काळी पाच. मग काँट्रा-आल्टो, तिसऱ्यांदा काळी दोन. आणि अगदी तळघरात काँट्राबास, तिसऱ्यांदा काळी पाच. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत पाळणाऱ्या घरात एक हाक मारली की तीन जण ओ देतात, तसलाच हा प्रकार. बोटं मात्र जवळपास सगळ्यांना एकच. एकावर हात बसलेला वादक त्याच बोटांनी दुसऱ्यावर वाजवतो. बाहेर पडणारा सूर ज्याचा त्याचा.

यांच्यात नात्याची खूण काय? सोलापुरात कुणीही सांगेल की क्लॅरोनेट हा सनईचा भाऊ. दोघं काळसर, दोघं लग्नात, दोघांचे वादक फुंकताना लालबुंद. हा पुरावा लग्नाच्या अल्बमपुरता ठीक आहे. सनईच्या तोंडाशी दोन पत्त्या असतात आणि त्या एकमेकींवर थरथरतात. तिची नळी कर्ण्यासारखी रुंदावत जाते. क्लॅरोनेटला पत्ती एकच, तोंडाच्या तुकड्यावर बांधलेली, आणि नळी जवळजवळ शेवटापर्यंत सरळ. फरक किरकोळ दिसतो, पण त्याने स्वभावच बदलतो. सनई किंवा बासरी जोर लावून फुंकली की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. मध्य सा होता, तार सा झाला. क्लॅरोनेटवर सा धरून मागची चावी दाबली की ते वरच्या सा ला ओलांडून थेट पुढच्या सप्तकातल्या पंचमावर जाऊन बसतं. एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीचा हा गुण आहे, त्याला इलाज नाही. त्याच गुणामुळे 66 सेंटिमीटरचं बी-फ्लॅट क्लॅरोनेट जवळपास तेवढ्याच लांबीच्या पाश्चात्त्य बासरीपेक्षा सप्तकभर खाली उतरतं. अंगकाठी तीच आणि आवाज मात्र खर्जातला, असा एखादा काका आपल्याही प्रत्येक घरात असतो.

ही खूण काटेकोर लावली की आपल्याकडचा त्याचा खरा नातलग सनई उरतच नाही. तो निघतो गारुड्याची पुंगी. भोपळ्याच्या आत तिला एकेरी पत्त्या आणि सरळ नळ्या. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन पंडितांनी 1914 साली जगभरच्या वाद्यांची कुळं लावली, तेव्हा सनई गेली ओबोच्या कुळात आणि पुंगी आली क्लॅरोनेटच्या. व्हिएन्नाच्या नाट्यगृहात काळा कोट घालून बसलेल्या माणसाची गारुड्याशी अशी सोयरीक निघाली, हे दोन्हीकडच्यांना फारसं रुचलेलं नाही. आपल्या वरातींना मात्र ती आतून माहीत असावी. 1954च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी मुळात पुंगी नव्हतीच. क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्याने आणि पेटीने मिळून ती सोंग आणून वाजवली होती. ती धून पुढे बँडमधल्या क्लॅरोनेटकडे आली, आणि गेली अनेक दशकं नवरदेवाचे मित्र तोंडात रुमालाचं टोक धरून तिच्यावर रस्त्यात लोळतात. विजेच्या पेटीने उसनं नेलेलं पुंगीचं काम शेवटी तिच्या सख्ख्या नातलगाच्या हाती आलं. घरचं घरी राहिलं.

आता मुद्दा. एवढ्या मोठ्या खटल्यातून सोलापूरच्या वरातीला येतो तो एकटा काळी पाच. बाकीच्यांना आवतण नाही. असं का, याचं एक सोपं उत्तर तयार असतं: आपलं दारिद्र्य आणि आपलं अज्ञान. बास क्लॅरोनेट विकत घेणार कोण, आणि घेतलंच तर ओळखणार कोण? या उत्तरातल्या अपमानाची आपल्या लोकांना एवढी सवय झाली आहे की ते कुणी तपासत नाही. तपासलं तर दिसेल की या घराण्यातल्या प्रत्येकाला फुकट आणून बाळीवेशीत उभं केलं असतं आणि रीतसर परीक्षा घेतली असती, तरी नेमणूक याच उमेदवाराची झाली असती. परीक्षक होता रस्ता, आणि प्रश्नपत्रिका काढली होती मींडेने.

मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर पायरी न दिसू देता घसरत जाणं. ती नसेल तर लावणी म्हणजे नुसती कवायत, आणि पाठवणीचं गाणं म्हणजे गाडी सुटल्याची घोषणा. क्लॅरोनेटवर मींड निघते ती बोटांच्या पेरांतून: भोक एकदम न सोडता बोट हळूच बाजूला सरकवायचं आणि ओठ ढिला करत न्यायचा. यासाठी भोक उघडं हवं, बोटाखाली हवं. बी-फ्लॅटची सहा मुख्य भोकं अशी उघडी असतात. नव्या घडणीत त्यांच्याभोवती कड्या आल्या, तरी मधलं भोक बोटालाच झाकावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये 1924 साली गर्श्विनच्या 'रॅप्सडी इन ब्लू'ची सुरुवात रॉस गोरमन या वादकाने अशाच एका लांबलचक मींडेने केली आणि अमेरिका थक्क झाली. आपल्याकडच्या बँडवाल्याने त्याच घसरणीवर वधूपित्याला रडवलं, पण त्याची बातमी झाली नाही. बास क्लॅरोनेटची भोकं मात्र बोटांत मावणारी नाहीत, आणि एकमेकांपासून इतकी लांब की दोन माणसांचे पंजे लागतील. म्हणून त्यांच्यावर झाकणं असतात आणि चावी दाबली की झाकण पडतं. झाकण एक तर बंद असतं, नाही तर उघडं. मींड या दोहोंच्या मधल्या फटीत राहते. आल्टोपासून काँट्राबासपर्यंत अर्धं घराणं या एका प्रश्नावर नापास झालं. त्यात आकसाचा प्रश्नच नाही; झाकणवाल्याला लावणी वाजवायला लावणं म्हणजे हातमोजे घालून शेंगा सोलायला लावण्यासारखं आहे.

उरले वरचे चार-पाच. त्यांतल्या ए, म्हणजे पांढरी सहाचा खटला मजेदार आहे. हे वाद्य बी-फ्लॅटपेक्षा अर्ध्या सुराने खाली, आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदातला प्रत्येक क्लॅरोनेटवादक दोन्ही जवळ बाळगतो, दुहेरी पेटीत, जुळ्यांच्या पाळण्यासारखी. कारण तिकडे रचनाकार पट्टी ठरवून मोकळा होतो, आणि काही पट्ट्यांत या वाद्यावर बोटांची भलती कसरत होते. ती टाळायला हा दुसरा भाऊ पाळलेला. आपल्याकडे ही अडचण मुळातच उद्भवत नाही. आपला सा वतनदार नाही, भाडेकरू आहे. सोय असेल तिथे राहतो. बँडवाल्याने बोटांना सोपी जागा पाहिली, तिथे सा मानला, की बाकीच्यांनी तिथे यायचं. वरातीत गायक नसतो, त्यामुळे 'मला काळी एक हवी' म्हणून कुणी अडून बसत नाही, आणि घोडीला पट्टी चालते कुठलीही. ज्या दुखण्यावर ए हे औषध आहे ते दुखणंच सोलापूरला झालं नाही, मग बाटली घरात ठेवायची कशाला?

यावर कुणी म्हणेल, अहो पण मोझार्टने आपला क्लॅरोनेट कॉन्चेर्टो या ए साठीच लिहिला. थोडं थांबा. तो लिहिला 1791 साली, आपला मित्र आंटोन श्टाडलर याच्यासाठी, आणि श्टाडलरचं वाद्य साध्या ए पेक्षा खाली उतरणारं होतं. त्याला आज बॅसेट क्लॅरोनेट म्हणतात. मोझार्टच्या हातची मूळ प्रत सापडत नाही. त्याच्या बायकोने 1800 साली प्रकाशकाला कळवलं, की श्टाडलर म्हणतो आपली पेटी चोरीला गेली आणि कागद तिच्यात होते. पण इतरांकडून कळतं की पेटी त्याने 73 डुकॅटला गहाण टाकली. शिवाय मोझार्ट वारला तेव्हा त्याचे 500 गुल्डन या श्टाडलरकडे येणं होते, तेही लेखी कागदाविना. पुढे कॉन्चेर्टो छापला तो साध्या ए ला झेपेल असा खालचे सूर वर उचलून, आणि दीडशे वर्षं जग तोच खरा समजून डोळे पुसत राहिलं. जगातली सगळ्यांत थोर क्लॅरोनेट-रचना गहाणवटीच्या घोळात अडकलेली आणि तडजोडीने वाजलेली असेल, तर एकाच वाद्यावर सगळ्या पट्ट्या भागवणाऱ्या बँडवाल्याला नाकं मुरडण्याचा अधिकार व्हिएन्नाला तरी राहत नाही.

ई-फ्लॅटचा दावा याहून सबळ आहे, हे मान्य केलं पाहिजे. ते आखूड, जेमतेम अर्धा मीटर, आवाज टोकदार, गर्दीत घुसणारा, मींडही निघते. रस्त्यावरच्या कामाला हाच माणूस घ्यायला हवा होता, असा आक्षेप कुणी घेतला तर तो खोडणं सोपं नाही. लष्करी बँडांत तो असतोच. पण त्याच्या स्वभावाची कीर्ती पाहा. बर्लिओझने 1830 साली आपल्या सिंफनीत प्रेयसीची धून पहिल्यांदा नाजूक वाजवून घेतली. शेवटच्या भागात ती प्रेयसी चेटकीण होऊन येते, तेव्हा तीच धून त्याने ई-फ्लॅटकडे दिली. नवरी मांडवात येताना हे वाद्य वाजवण्यात एक धोका आहे, तो ओळखायला संगीताचं शिक्षण लागत नाही, सासरची माणसं पुरेशी असतात. आणि दुसरं कारण खास सोलापूरचं. उंच, बारीक, टोकदार सुराची जागा इथे रिकामीच नव्हती. सनई होती, आणि सनईची धाकटी बहीण सुंदरी होती. फूटभर लांबीचं हे वाद्य अक्कलकोट-सोलापूरच्या जाधव घराण्याने वाढवलं. पंडित सिद्राम जाधव आणि त्यांच्यानंतर पंडित भीमण्णा जाधव यांनी ते मैफलीत नेलं. नाव अक्कलकोटच्या दरबाराने ठेवलं असं सांगतात, आणि वाद्याला 'सुंदरी' म्हणणारा दरबार ई-फ्लॅटला काय म्हणाला असता याची कल्पना न केलेली बरी. एवढ्या लहान अंगातून सुंदरी ज्या नजाकतीने राग मांडते ते ऐकल्यावर त्याच जागेसाठी जर्मनीहून उमेदवार मागवायचं कारण राहत नाही. पंढरपूरला पाणी नेऊन चंद्रभागेत ओतण्यापैकीच ते झालं असतं.

खालच्या मंडळींकडे पुन्हा एकदा वळायला हवं, कारण मींड त्यांना येत नसली तरी मींडेशिवायही पोट भरता येतं. बँडमधलं पितळी यूफोनियम भरतंच की. बास क्लॅरोनेटचा आवाज मखमली असतो. आडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने 1838 साली त्याला आजचं रूप दिलं, आणि चायकोव्हस्कीने 'नटक्रॅकर'मध्ये साखरपरीच्या नाजूक पावलांमागे त्याला लपतछपत चालवलं आहे. पण लपतछपत चालायला बंद नाट्यगृह लागतं. मोकळ्या रस्त्यावर खालचे सूर कानाशी पोचेपर्यंत विरतात, कारण माणसाच्या कानाला खर्जाचं कौतुक फार कमी. तो तिखट आहे दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात, आणि काँट्राबासचा तळाचा सूर सेकंदाला तीसच्याही आत कंपनांचा. शिवाय ही वाद्यं जमिनीवर खुंटी टेकवून वाजवायची. वरात पुढे सरकते, खुंटी सरकत नाही. गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा ती उंचच्या उंच काठी कमरेच्या पट्ट्यात पेलून चालणारे गडी सोलापुरात आहेत. काँट्राबास त्यांना जड गेला नसता. पण एका हातात देवाची काठी पेलून दुसऱ्या हाताने झाकणं दाबायला यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यावरून परवानगी मिळाली असती असं वाटत नाही.

खर्जाची गरज सोलापूरला होती आणि ती या शहराने आपल्या पद्धतीने भागवली. 1877 साली जुनी गिरणी उभी राहिली. पुढे तिच्या भोंग्याबरोबर इतर गिरण्यांचेही भोंगे वाजू लागले, आणि कितीतरी वर्षं या गावाचं सर्वांत मोठं फुंकवाद्य गिरण्यांच्या मालकीचं होतं. त्याला एकच सूर, पण त्यावर घरोघरची चूल पेटायची, घड्याळं लागायची, आणि पाळीला उशीर झालेल्या माणसाच्या छातीत जे व्हायचं ते कुठल्याही काँट्राबासला जमलं नसतं. गिरण्या बंद झाल्या, भोंगे गेले. मग आला डीजे. इथे आक्षेपक विचारतील: ज्या पोरांना तीस-चाळीस कंपनांच्या धक्क्यावर नाचायला आवडतं, त्यांना काँट्राबास क्लॅरोनेट का आवडू नये? प्रश्न बिनतोड आहे. सूर दोघांचे शेजारी शेजारीच आहेत. फरक इतकाच, की काँट्राबासला श्वास लागतो आणि माणसाचा श्वास संपतो. डीजेला जनित्र लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे, रात्री 45ची. काँट्राबासने तिच्यात राहायचा निदान प्रयत्न केला असता, पण ज्याच्या आवाजाने खिडक्यांच्या काचा आणि ज्येष्ठ नागरिक हादरत नाहीत त्याला वरातीत कुणी सुपारी देत नाही.

आता दारिद्र्याचा आक्षेप, जो मघाशी बाजूला ठेवला होता. पैशाचा काहीच संबंध नव्हता असं म्हणणं लबाडी होईल. बास क्लॅरोनेट लाखांत जातं, आणि हंगामी पोटावर जगणाऱ्या बँडवाल्याने ते घ्यावं असं म्हणणाऱ्याने आधी स्वतः घेऊन दाखवावं. पण फक्त पैसाच कारण असता तर वाद्य स्वस्त झाल्यावर कुणी तरी आणलं असतं. मेरठच्या जाळी कोठी भागात बँडची वाद्यं बनतात. नादिर अली यांची कंपनी 1885 पासून तिथे आहे. तिथल्या कारागिरांनी बिगुलापासून थेट गळ्यात वेटोळं घालायच्या सूझाफोनपर्यंत सगळं घडवलं. सूझाफोन काही परडीत मावणारी वस्तू नाही, दिसायला तर अजगर. तरी तो वरातीत आला, कारण अंगावर चढवून चालता येतं आणि लांबून दिसतं. म्हणजे मोठं, महाग, अवजड वाद्य आपण घेतलं, फक्त ते कामाचं असेल तेव्हा. निवडीमागे अक्कल होती याचा याहून सरळ पुरावा कुठला? उत्तम क्लॅरोनेट आफ्रिकन काळ्या लाकडाचं असतं, ते मुख्यतः टांझानिया आणि मोझांबिकमधून येतं, आणि त्याची पत्ती दक्षिण फ्रान्समधल्या, आपल्या लेखणीच्या बोरूला शोभेल अशा काडीची. लग्नसराई येते एप्रिल-मेमध्ये, सोलापूरचा पारा 43च्या पुढे जातो, आणि असलं खानदानी लाकूड उन्हाने तडकतं. बँडवाल्यांनी एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं वाद्य जवळ केलं. कडक भाकरी महिनोन् महिने टिकते हे ज्या गावाला ठाऊक आहे त्याला एबोनाइट समजावून सांगावं लागत नाही.

आणि अज्ञान? पुण्याच्या गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत ज्या बँडचा थाट बघायला माणसं ताटकळत उभी राहतात, त्या प्रभात बँडचं घराणं सोलापूरकर आडनावाचं आहे. पुणेकर एखादी गोष्ट बाहेरच्या आडनावाने चांगली म्हणतात, तेव्हा तिच्यात ज्ञान असतंच असतं. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतीय लग्नातल्या बँडांवर 2005 साली 'ब्रास बाजा' असं जाडजूड पुस्तक काढलं. त्यातला 'ब्रास' हा शब्दही जरा गमतीचाच. ब्रास म्हणजे पितळ, आणि बँडमधली पितळी मंडळी धृपदावर एकदम तुटून पडतात हे खरं. पण कडवं, जिथे गाण्याचा जीव असतो, ते बऱ्याचदा या बिनपितळी माणसाच्या वाट्याला येतं. पाटी पितळेच्या नावाची आणि दुकान चालवतो काळा, हे आपल्याकडे बँडपुरतंच आहे असं नाही.

एक नातलग मात्र राहिला, आणि तो खरा प्रतिस्पर्धी आहे. बास क्लॅरोनेट सुधारणाऱ्या त्याच साक्सने 1846 साली आपल्या नावाच्या सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. पत्ती क्लॅरोनेटसारखी एकेरी, अंग पितळी, नळी सनईसारखी रुंदावणारी. त्यामुळे तो सप्तकाने उडतो, पंचमाची भानगड नाही, शिकायला सोपा, आवाज दांडगा आणि उन्हात चकाकतो. सोन्याचा पट्टा घातलेला हा आतेभाऊ वरातीत शिरला आणि त्याने क्लॅरोनेटची बरीच सुपारी खाल्ली. तोही झाकणवालाच, ओठाने सूर वाकवतो, पण पेरांनी घसरणारी मींड त्याच्याकडे नाही. मंगळुरूकडच्या कद्री गोपालनाथांनी त्याच सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत उभं करून दाखवलं, हे खरं आहे. त्यासाठी त्यांना वाद्यात फेरफार करावे लागले आणि आयुष्य घालावं लागलं. आणि इकडे सोलापूरच्याच रेल्वेमार्गावर पुढे असलेल्या रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी साध्या क्लॅरोनेटवर हिंदुस्थानी ख्याल मांडत आले आहेत. निवाडा करायचा तर गाडीत बसून दोन्ही ऐकावं. रायचूर जवळ पडतं.

सध्या सोलापुरात डीजे आणि कीबोर्ड यांच्यामधल्या चिमटीत बँड उभा आहे, आणि बँडमध्ये कुठे एक, कुठे दोन क्लॅरोनेटवाले उरले आहेत. नव्या पेठेत किंवा अशोक चौकात पुढची वरात आडवी आली तर गाडीचा हॉर्न वाजवू नका. त्याची पट्टी काळी पाचशी जुळत नाही. खाली उतरून फर्माईश करायची असेल तर ती धृपद चालू असताना करा. कडव्यात त्या माणसाचं तोंड कामात असतं.